ग्रँट स्ट्रीटवरच्या न्यायालयाविषयी पिट्सबर्गच्या मराठी मंडळींना खुले पत्र

प्रति,
पिट्सबर्ग आणि आसपासच्या गावांतील सर्व मराठी कुटुंबे, तसेच मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी

स.न.वि.वि.

आपल्यापैकी बहुतेकांची अ‍ॅलेगेनी काउंटीच्या, म्हणजे पिट्सबर्ग ज्या जिल्ह्यात येते त्याच्या, जुन्या न्यायालयाशी ओळख होते ती टपालाने आलेल्या एका पत्रामुळे. नागरिकत्वाची शपथ होते, मतदार यादीत नाव लागते आणि मग केव्हातरी ज्युरीचे बोलावणे घरी येते. त्या दिवशीची मीटिंग पुढे ढकलावी लागेल, गाडी कुठे लावायची, मुलांना शाळेतून कोण आणेल, एवढाच विचार मनात घेऊन आपण ग्रँट स्ट्रीटवर पोचतो. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. दारातून आत शिरलो, तपासणीसाठी कमरेचा पट्टा आणि घड्याळ ट्रेमध्ये ठेवले, ठेंगण्या छताच्या आणि जाडजूड खांबांच्या जागेतून वाट काढत लिफ्ट गाठली, दिवसभर नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसलो आणि नाव न येताच संध्याकाळी घरी परतलो. इमारत कशी आहे असे घरी विचारले तेव्हा मी म्हणालो, ‘जुनी आहे, भक्कम आहे, पण फार कोंदट आणि अंधारी आहे.’ पुढे कितीतरी वर्षे मी हेच मत लोकांना ऐकवत राहिलो. ते मत चुकीचे होते, आणि आपल्यापैकी अनेकांचे मत आजही तेच आहे हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

ज्या जागेतून मी आत शिरलो होतो ते त्या इमारतीचे तळघर होते. वास्तुकाराने लोकांसाठी केलेले दार माझ्या डोक्यावर, एक मजला वर होते. हे कसे घडले ते पुढे सांगतोच, पण आधी ही वास्तू तिथे का आणि कशी उभी राहिली ते सांगायला हवे.

अ‍ॅलेगेनी काउंटी 24 सप्टेंबर 1788 रोजी स्थापन झाली. तिचे पहिले न्यायालय आजच्या मार्केट स्क्वेअरमध्ये होते. गाव वाढले तशी ती जागा अपुरी पडू लागली आणि दुसऱ्या न्यायालयासाठी गावाबाहेरची टेकडी निवडली गेली. त्या टेकडीला ग्रँटची टेकडी म्हणत, कारण सप्टेंबर 1758 मध्ये ब्रिटिश सैन्यातील मेजर जेम्स ग्रँटच्या स्कॉटिश हायलँडर तुकडीचा फ्रेंच सैन्याने आणि त्यांच्या मूलनिवासी मित्रांनी तिथेच पराभव केला होता. पराभूत सेनानीचे नाव टेकडीला आणि टेकडीवरून रस्त्याला मिळाले, आणि आज आपण ज्या ग्रँट स्ट्रीटवरून चालतो तो हाच. या टेकडीवर जॉन चिस्लेट या वास्तुकाराने 1836 ते 1841 या काळात ग्रीक पद्धतीचे, खांबांच्या रांगेचे आणि घुमटाचे न्यायालय बांधले. ते वालुकाश्माचे होते. पिट्सबर्गच्या कोळशाच्या धुराने तो दगड काळवंडला, त्याचे पापुद्रे सुटू लागले, आणि शेवटी 7 मे 1882 रोजी आग लागून ती इमारत जळाली.

आता उभी असलेली इमारत ही त्याच जागेवरची पुढची वास्तू होय. काउंटीने पाच वास्तुकारांकडून आराखडे मागवले आणि 1884 च्या आरंभी हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांची निवड केली. रिचर्डसन यांचा जन्म 1838 साली लुईझियानात झाला. हार्वर्डनंतर ते पॅरिसच्या प्रसिद्ध कलाशाळेत वास्तुकला शिकायला गेले, आणि ते तिथे असतानाच इकडे यादवी युद्ध पेटल्याने घरून येणारा पैसा थांबला, तेव्हा पॅरिसमध्येच नोकरी करत त्यांनी शिक्षण चालू ठेवले. बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चमुळे त्यांचे नाव देशभर झाले. फ्रान्स आणि स्पेनमधील मध्ययुगीन रोमनेस्क वास्तूंमधून त्यांनी गोल कमान, जाड भिंत आणि खडबडीत दगड उचलला आणि त्यातून असे काही घडवले की पुढे त्या शैलीला त्यांचेच नाव पडले.

पिट्सबर्गच्या कामाला हात घातला तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांचा विकार बळावलेला होता. 27 एप्रिल 1886 रोजी, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी ते वारले. न्यायालयाच्या जोडीने त्यांनीच आखलेल्या तुरुंगाचे काम त्याच वर्षी पुरे झाले, पण न्यायालय अजून दोन वर्षे दूर होते. शेवटच्या काळात ते म्हणत, की आजवर केलेल्या खुज्या कामांसाठीच लोक माझा एवढा मान करतात, तर पिट्सबर्गचे काम पुरे झालेले पाहून काय म्हणतील! ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या कार्यालयातील शेप्ली, रुटन आणि कूलिज या तिघांनी त्यांच्या आराखड्यांबरहुकूम काम पुरे केले, आणि 1888 साली, काउंटीला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, न्यायालय वापरात आले. ज्या कामांवरून आपली पारख व्हावी असे त्यांना वाटे त्यांत हे न्यायालय आणि शिकागोतील मार्शल फील्डचे घाऊक दुकान अशी दोन नावे होती. शिकागोची ती इमारत 1930 साली पाडली गेली. त्या जोडीतली एकच आता उभी आहे, आणि ती आपल्या काउंटीत, आपल्या कराच्या पैशांवर उभी आहे.

आता ही वास्तू कशी पाहावी याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण घाईत आलेल्या माणसाला ती काहीच दाखवत नाही.

ग्रँट स्ट्रीट, फोर्ब्ज अ‍ॅव्हेन्यू, रॉस स्ट्रीट आणि फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या चार रस्त्यांच्या मधला अख्खा चौरस या इमारतीने व्यापला आहे. बाहेरून चारही बाजूंनी बंद वाटते, पण आत मोकळे अंगण आहे. माझी आई भारतातून आली होती तेव्हा मी तिला इथे घेऊन आलो. ती अंगणात उभी राहिली, चारही बाजूंच्या कमानींकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, ‘अरे, हा तर चौसोपी वाडा आहे.’ मी तोवर वास्तुकलेवरचे पुष्कळ काही वाचले होते, पण इतक्या नेमक्या शब्दांत ही रचना मला कुणी सांगितली नव्हती. वाड्याचा चौक ज्यासाठी असतो त्याचसाठी हे अंगण आहे. इमारतीची चारही अंगे त्यामुळे अरुंद ठेवता आली, खोल्यांना रस्त्याकडून आणि चौकाकडून असा दुहेरी उजेड मिळाला, आणि घोडागाड्यांचा खडखडाट बाहेरच राहिला. विजेचे दिवे नुकतेच येऊ लागले होते त्या काळात, साक्षीदाराचा चेहरा आणि कागदावरचे अक्षर दिसण्यासाठी न्यायाधीशाला सूर्यप्रकाशच हवा होता. चौकाच्या भिंती रस्त्याकडच्या दर्शनी बाजूपेक्षाही मला अधिक आवडतात. तिथे नक्षी जवळजवळ नाहीच. एकावर एक कमानींच्या रांगा, त्यांची बदलत जाणारी रुंदी आणि त्यांच्यावर झेपावणारा मनोरा, एवढ्यावरच सगळे तोलून धरले आहे.

त्या मनोऱ्याबद्दल मुलांना आवर्जून सांगा. तो शोभेपुरता नाही. 1880 च्या दशकातले पिट्सबर्ग म्हणजे भर दुपारी रस्त्यावर दिवे लावावे लागत अशी धुराने भरलेली नगरी. खिडकी उघडली की टेबलावर काजळी बसत असे. रिचर्डसन यांनी मनोऱ्याच्या उंचावरच्या झरोक्यांमधून, म्हणजे धुराच्या दाट थराच्या वरून, त्यातल्या त्यात स्वच्छ हवा आत घेतली, ती खाली तळघरात आणून दालनांमध्ये खेळवली, आणि वापरलेली हवा मागच्या, रॉस स्ट्रीटच्या बाजूच्या दोन लहान मनोऱ्यांतून बाहेर सोडली. दुरून पाहताना आपल्याला मध्ययुगीन किल्ला दिसतो, पण तो किल्ला श्वास घेणारे यंत्रही होता. वास्तूचे सौंदर्य आणि तिचा उपयोग ही दोन निराळी खाती नाहीत हे शिकवण्यासाठी आपल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी याहून चांगले उदाहरण देऊ शकत नाही.

आता दगड. आधीच्या इमारतीचा मऊ दगड धुराने खाल्लेला सर्वांनी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून या वेळी मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचा गुलाबी छटेचा ग्रॅनाइट वापरला गेला. बांधकाम त्याच राज्यातील वूस्टरच्या नॉरक्रॉस बंधूंनी केले, आणि रिचर्डसन यांच्या अनेक वास्तू त्यांनीच उभ्या केल्या होत्या. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने चालत असाल तर एकदा थांबून भिंतीला हात लावून पाहा. चिऱ्याचे तोंड मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले आहे, तळहाताला टोचते. पण जिथे एक चिरा दुसऱ्याला भेटतो तिथे बोट फिरवा, म्हणजे कड किती सरळ आणि सांधा किती बारीक आहे ते कळेल. पाथरवटाने दगडाचा रांगडेपणा राखला आणि मोजमापात मात्र कसूर केली नाही. दुपार कलल्यावर उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकते तेव्हा प्रत्येक चिऱ्याच्या फुगवट्याची सावली त्याच्या खालच्या चिऱ्यावर पडते, आणि एरवी सपाट, करडी दिसणारी ती भिंत जिवंत होते. सह्याद्रीतल्या एखाद्या गडाच्या बुरुजाला ज्याने हात लावला आहे त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मुंबईच्या उच्च न्यायालयाची आठवण आपल्याला इथे येणारच. कर्नल जेम्स फुलर यांनी आराखडा केलेली ती इमारत 1871 ते 1878 या काळात बांधली गेली, म्हणजे पिट्सबर्गच्या या न्यायालयाहून ती फक्त दहा वर्षांनी वडील आहे. दोन्हींना मध्ययुगीन युरोपाची ओढ आहे, पण मुंबईची कमान टोकदार आहे, गॉथिक आहे, तिथे नजर वर खेचली जाते. पिट्सबर्गची कमान अर्धवर्तुळाकार आहे, तिचा सारा भार खाली, जमिनीकडे येतो. पहिल्या इमारतीत सत्तेचा रुबाब अधिक आहे आणि दुसरीत वजन अधिक आहे, असे माझे मत आहे, आणि ज्यांनी दोन्ही पाहिल्या आहेत त्यांनी त्याच्याशी खुशाल भांडावे.

रॉस स्ट्रीटवर मान वर केली की न्यायालयाला पलीकडच्या जुन्या तुरुंगाशी जोडणारा दगडी पूल दिसतो. व्हेनिसच्या प्रसिद्ध पुलावरून त्यालाही लोक उसाशांचा पूल म्हणतात. कैद्याला रस्त्यावर न आणता कोठडीतून थेट न्यायाधीशासमोर नेता यावे, यासाठी तो बांधला. तुरुंगाची रचनाही मध्यभागी उंच अष्टकोनी दालन आणि त्यातून फुटलेल्या कोठड्यांच्या शाखा अशी होती, म्हणजे मध्ये उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला चोहीकडे नजर ठेवता येई. 30 जानेवारी 1902 रोजी याच तुरुंगातून जॅक आणि एड बिडल हे फाशीची शिक्षा झालेले दोघे भाऊ तुरुंगाधिकाऱ्याची पत्नी केट सॉफेल हिच्या मदतीने पळाले. बटलरजवळ त्यांना गाठले गेले, भाऊ जखमांनी मेले आणि ती वाचून तुरुंगात गेली. ही गोष्ट शहरात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ती इथेच सोडतो. मला त्या तुरुंगाच्या भोवतीची भिंत अधिक बोलकी वाटते. तिच्यावर नक्षीचा एक कण नाही. दाराच्या कमानीतले पाचरदगड एवढे लांब आहेत की कमान भिंतीत बसवलेली न वाटता भिंतीतूनच उगवल्यासारखी वाटते. रिचर्डसन यांनी आयुष्यात जे जे सजवले त्या सगळ्यापेक्षा ही न सजवलेली भिंत थोर आहे.

या इमारतीच्या दालनांत काय काय घडले याचा एक प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1892 च्या जुलैत होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संप झाला आणि कंपनीने आणलेल्या पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेच्या सशस्त्र माणसांशी कामगारांची नदीकाठी लढाई झाली. त्यानंतर संपकऱ्यांच्या पुढाऱ्यांवर खुनाचे, आणि पुढे तर पेनसिल्व्हेनिया राज्याविरुद्ध देशद्रोहाचेही आरोप ठेवले गेले. पण या काउंटीतल्या ज्युरीने पहिल्या कामगाराला नोव्हेंबर 1892 मध्ये निर्दोष सोडले, पुढाऱ्यांपैकी ह्यू ओडॉनेल यालाही फेब्रुवारी 1893 मध्ये सोडले, आणि उरलेले आरोप गळून पडले. ज्या शहराचा धूर, पैसा आणि राजकारण पोलादाच्या मालकांच्या हाती होते त्या शहरात बारा सामान्य माणसांनी हे केले. त्याच काळात, सप्टेंबर 1892 मध्ये, कंपनीचा प्रमुख हेन्री क्ले फ्रिक याच्यावर गोळ्या झाडणारा अलेक्झांडर बर्कमन यालाही न्यायालयात उभे केले गेले. तो रशियन साम्राज्यातून आलेला तरुण होता. त्याने वकील नाकारला, आपले म्हणणे जर्मनमध्ये लिहून आणले आणि ते दुभाष्यामार्फत न्यायालयाला ऐकवले गेले. त्याचा गुन्हा गंभीर होता आणि त्याची शिक्षा योग्यच होती असे मानणारा मी आहे. तरीही स्थलांतरित माणूस परक्या भाषेच्या न्यायालयात उभा राहतो तेव्हा दुभाष्याच्या तोंडून त्याचे किती म्हणणे खरोखर पोचते, हा प्रश्न त्या दालनाने तेव्हापासून पाहिलेला आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाही. जुलै 1908 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांवरून, आणि ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. लेख त्यांच्यापुढे इंग्रजी भाषांतरातून आले आणि सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. पुढे भारतात ज्युरीची पद्धतच बंद झाली, त्यामुळे आपल्याला तिची सवय नाही आणि इथे बोलावणे आले की ते कसे टाळता येईल याच्या क्लृप्त्या आपण आपसात सांगतो. मी स्वतः त्या सांगितल्या आहेत आणि त्याचा मला आता मनापासून पस्तावा होतो. ज्या दालनात न्याय बारा शेजाऱ्यांच्या हाती दिला जातो ते दालन आपल्यासाठीही बांधलेले आहे.

आता त्या हरवलेल्या दाराकडे येतो.

ग्रँटची टेकडी गाडीवाल्यांना आणि व्यापाऱ्यांना नेहमीच अडचणीची वाटे. एकोणिसाव्या शतकात ती थोडीथोडी उतरवली गेली होती, पण उरलेला उंचवटा 1912-13 मध्ये खणून काढला आणि काही ठिकाणी रस्ता सुमारे 16 फूट खाली गेला. आजूबाजूच्या इमारतींची तळघरे एकाएकी रस्त्याच्या पातळीवर उघडी पडली. समोरच्या फ्रिक बिल्डिंगने आपल्या तळघराचे नवे दालन केले, आणि शेजारची सिटी-काउंटी बिल्डिंग तर 1915 ते 1917 मध्ये नव्या पातळीवरच बांधली गेली. न्यायालयाचे मुख्य दार मात्र हवेत राहिले. त्याला पोचण्यासाठी बाहेर उंच जिना लावला. मग 1920 च्या दशकात ग्रँट स्ट्रीट रुंद करायचा ठरला, तेव्हा तो जिनाही गेला, आणि दर्शनी कमानी खाली रस्त्यापर्यंत ओढून तळघरातून प्रवेश सुरू झाला. रिचर्डसन यांच्या मनात असे होते की माणसाने प्रशस्त दारातून आत यावे, समोर भव्य जिना दिसावा, त्याच्या कमानींमधून उजेड खाली झिरपावा, आणि वर चढता चढता आपण न्यायाच्या दारी आलो आहोत हे त्याला पायांनी कळावे. त्याऐवजी गेली जवळजवळ शंभर वर्षे आरोपी, साक्षीदार, वकील, ज्युरी आणि नागरिक असे सगळेच कोठाराच्या उंचीच्या जागेतून आत येतात. ज्या खांबांना मी कोंदट म्हणालो होतो ते वरचा सारा भार पेलण्यासाठी केलेले तळघराचे खांब होते, आणि ते कुणाला दाखवण्यासाठी नव्हतेच.

म्हणून माझी पहिली विनंती फार साधी आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात की लिफ्टकडे वळू नका. एक मजला जिन्याने वर जा, मूळ प्रवेशाच्या पातळीवर उभे राहा, आणि तिथून पुढचा मोठा जिना चढा. मी ज्युरीच्या दुसऱ्या बोलावण्याच्या वेळी, जेवणाच्या सुट्टीत, पहिल्यांदा तो चढलो. थंड दगडी कठड्यावर हात ठेवून वळणावर थांबलो. खालच्या कमानीतून वरची कमान दिसत होती, तिच्यातून त्याच्याही वरची, आणि खिडकीतून आलेला दुपारचा उजेड दगडावरून पायरी पायरी उतरत होता. वरून एक वकीलबाई कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उतरल्या, त्यांच्या टाचांचा आवाज मला त्या दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू आला. त्या क्षणी माझे आधीचे मत संपले.

तिसऱ्या मजल्यावरचे 321 क्रमांकाचे न्यायदालन 1980 च्या दशकात पुन्हा मूळ रूपात आणले गेले. ते उघडे असेल तर जरूर आत डोकवा, म्हणजे बाकीची दालने एके काळी कशी असतील याचा अंदाज येईल. खटले जनतेसाठी खुले असतात. शांतपणे मागच्या बाकावर जाऊन बसायला नागरिकत्वही लागत नाही, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांनीही संकोच करू नये.

या वास्तूने पुष्कळ सोसले आहे आणि ती केवळ दैवाने वाचलेली नाही. अंगणात एके काळी मोटारी उभ्या केल्या जात. 1970 च्या दशकात तिथे झाडे, बाके आणि कारंजे आले. 1976 साली न्यायालय आणि तुरुंग या दोन्हींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. 1995 साली कैदी नव्या तुरुंगात हलवले गेले तेव्हा रिकामी झालेली ती प्रचंड दगडी इमारत पाडावी की ठेवावी हा प्रश्न होता. ती ठेवली गेली, तिच्यात 2000 साली कौटुंबिक न्यायालय आले, आणि कोठड्यांचा एक भाग लोकांनी पाहावा म्हणून तसाच जपला गेला. ताबा कुणाकडे राहील याची चिंता घेऊन मुले आणि त्यांचे पालक आज जिथे येतात, तिथे पूर्वी लोखंडी गज होते. तुरुंगाचा असा उपयोग करणे मला सुरुवातीला खटकले होते. पण मधले ते उंच अष्टकोनी दालन उजेडाने भरलेले पाहिले आणि मी गप्प झालो.

मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती अशी आहे. दर उन्हाळ्यात आपल्याकडे आई-वडील येतात. आपण त्यांना पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराच्या देवळात नेतो, माउंट वॉशिंग्टनवर नेऊन तीन नद्यांचा संगम दाखवतो, आणि मग ही मंडळी आठवडाभर घरात बसून असतात. न्यायालय शनिवार-रविवारी बंद असते, पण ज्यांना वेळ आहे ते नेमके कामाच्या दिवशी मोकळे असतात. तेव्हा जून ते ऑगस्ट महिन्यातून एका बुधवारी मंडळाने त्यांच्यासाठी या वास्तूची फेरी ठेवावी. स्टील प्लाझा स्थानकावरून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे, अंगणात बसायला सावली आहे, आणि मराठीतून सांगण्याची जबाबदारी मी आनंदाने घेतो. निवृत्त अभियंते, गवंडीकाम जाणणारे, वकिली केलेले असे कितीतरी जण त्या पाहुण्यांत असतात. त्यांना जे दिसेल ते आपल्याला दिसणार नाही, हे मी आईच्या त्या एका वाक्यावरून शिकलो आहे.

दुसरी गोष्ट इथल्या रहिवाशांसाठी. काउंटी कौन्सिलची सभा याच इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या गोल्ड रूममध्ये भरते, आणि तिथे नागरिकांना आपले म्हणणे मांडता येते. गेलेला बाहेरचा जिना आता परत येणार नाही, रस्त्यावर तेवढी जागाच उरलेली नाही, आणि तसा आग्रहही मी धरणार नाही. पण आत येणाऱ्या प्रत्येकाला तपासणीच्या रांगेत उभे असतानाच मूळ दाराचे, मूळ पातळीचे आणि उतरवलेल्या टेकडीचे मोठे चित्र समोर दिसावे, आणि मुख्य जिन्याकडे जाण्याची वाट ठळक दाखवलेली असावी, एवढे मागणे मी कौन्सिलपुढे मांडणार आहे. दगडी सांध्यांची, कौलांची आणि खिडक्यांची वेळच्या वेळी निगा राखण्यासाठी दरवर्षी निश्चित तरतूद व्हावी, हेही मी म्हणणार आहे. एकट्याच्या बोलण्याला तीन मिनिटे मिळतात, आणि वीस जण मागे उभे असले की त्याच तीन मिनिटांचे वजन वाढते. माझ्या भाषणाचा इंग्रजी मसुदा तयार आहे. ज्यांना तो पाहून सुधारायचा असेल, किंवा त्या संध्याकाळी माझ्याबरोबर यायचे असेल, त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मला भेटावे. सभेच्या तासभर आधी आपण अंगणात जमू, आणि गोल्ड रूमपर्यंत लिफ्टने न जाता जिन्यानेच जाऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पिट्सबर्गमधील एक मराठी रहिवासी